विद्यार्थ्यांच्या उर्दू कार्यक्रमाला पहिल्यांदा जाताना : खान्देशातील मराठी प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

हिवाळा सुरू झाला की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार आणि रावेर-यावलकडच्या मोठ्या गावांतून उर्दू माध्यमाच्या शाळा आणि महाविद्यालयांचे उर्दू विभाग आपापले कार्यक्रम बसवू लागतात. त्यात गझलगायन असते, बैतबाजी (शेरांच्या भेंड्या) असते, नाटुकली असतात आणि कुठे कुठे जुन्या शायरांची सोंगे घेऊन केलेला मुशायराही असतो. हे कार्यक्रम हौशी असतात. पडदा वेळेवर उघडत नाही, माईक मधेच कुरकुरतो आणि कलाकारांपैकी अनेकजण आयुष्यात पहिल्यांदाच रंगमंचावर उभे असतात. अशा कार्यक्रमांचे निमंत्रण वर्गमित्रांच्या पालकांना, शेजाऱ्यांना, दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना आवर्जून दिले जाते. परंतु बरेच मराठी भाषक ‘आपल्याला भाषा कळणार नाही’ एवढ्या एकाच कारणाने जात नाहीत.

माझे म्हणणे असे की भाषा पुरती कळणे ही या कार्यक्रमाला जाण्याची अट नाही. ऐकणाऱ्याचे काम काय असते ते ठाऊक असणे ही मात्र अट आहे. उर्दू मैफलीत श्रोता गप्प बसून राहत नाही. तो ओळ उचलतो, पुन्हा म्हणायला लावतो, पुढचा शब्द ओळखतो आणि त्याच्या या प्रतिसादावरच सादर करणारा पुढे जातो. समोरचा कलाकार सोळा-सतरा वर्षांचा असेल, तर या प्रतिसादाचे मोल आणखी वाढते. म्हणून हा लेख प्रामुख्याने श्रोत्याच्या कामाबद्दल आहे.

निमंत्रण हाती आल्यावर

आधी कार्यक्रम कशानिमित्त आहे ते पाहावे, कारण त्यावरून त्याचे स्वरूप बरेचसे कळते. ९ नोव्हेंबर हा इक्बाल यांचा जन्मदिवस (१८७७) अनेक ठिकाणी उर्दू दिवस म्हणून साजरा होतो, आणि लगेच ११ नोव्हेंबरला मौलाना आझाद यांचा जन्मदिवस (१८८८) राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून येतो. त्यामुळे या आठवड्यातल्या कार्यक्रमांत भाषणे, निबंधवाचन आणि बैतबाजी यांचा भरणा अधिक असतो. २७ डिसेंबर ही मिर्झा गालिब यांची जन्मतारीख (१७९७). तिच्या आसपास गझलेचे कार्यक्रम होतात. डिसेंबर-जानेवारीतल्या स्नेहसंमेलनांत मात्र नाटक, कव्वाली, देशभक्तिपर गीते असे सर्व काही असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्यतो अशाच संमेलनापासून सुरुवात करावी, कारण तिथे डोळ्यांनाही पुष्कळ मिळते. रमजानच्या महिन्यात असे कार्यक्रम सहसा होत नाहीत. चांद्र कालगणनेमुळे हा महिना दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे गतवर्षीच्या तारखेवरून यंदाचा अंदाज बांधू नये.

दावतनामा उर्दूत छापलेला असेल तर तो उजवीकडून उघडतो, आणि आपल्याला जे मलपृष्ठ वाटते तेच मुखपृष्ठ असते. तारीख बहुधा आपल्या ओळखीच्या अंकांतही दिलेली असते. अडचण येते ती वेळेची, कारण अनेकदा घड्याळातल्या वेळेऐवजी ‘बाद नमाज-ए-मगरिब’ किंवा ‘बाद नमाज-ए-इशा’ असे लिहिलेले असते. मगरिबची नमाज सूर्यास्ताबरोबर होते. नोव्हेंबरच्या मध्यात जळगाव परिसरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरिबनंतरचा कार्यक्रम सव्वासहा ते साडेसहाला सुरू होण्याची अपेक्षा ठेवावी. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजेची, वेळ त्यानंतर सुमारे सव्वा तासाने लागते आणि जमातीची, म्हणजे सामूहिक नमाजेची, वेळ प्रत्येक मशिदीची वेगळी असते, त्यामुळे इशानंतरचा कार्यक्रम साडेआठच्या आत क्वचितच उभा राहतो. ज्याने निमंत्रण दिले त्यालाच ‘घड्याळात किती वाजता यायचे?’ असे सरळ विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. उलट आपण खरोखर येणार आहोत हे त्याला त्यावरून कळते.

प्रवेश बहुधा विनामूल्य असतो, कधी पास लागतो. रात्रीचा कार्यक्रम असेल आणि आपण चोपडा, यावल किंवा शहाद्याहून येणार असू, तर परतीच्या शेवटच्या एसटीची चौकशी आधी करून ठेवावी. मैदानातल्या मांडवात कार्यक्रम असेल तर अंगावर शाल असू द्यावी. खान्देशातला उन्हाळा सर्वांना ठाऊक असतो, पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो हे बाहेरगावाहून येणारे विसरतात.

एका संध्याकाळची तयारी

शब्दकोश पाठ करण्याची गरज नाही. गझलेची बांधणी तेवढी समजून घेतली तर पुढचे अर्धे काम सोपे होते, आणि मराठीत सुरेश भटांमुळे ही बांधणी आपल्या कानांना परकीही राहिलेली नाही. केवळ उदाहरणासाठी रचलेल्या या चार ओळी पाहा :

सांज होता तापिकाठी थंड वारा आला
आठवांचा संगतीने तो पसारा आला

झोपल्यावर गाव सारे, बंद केली दारे
कोण जाणे मग कुठूनी हा इशारा आला

प्रत्येक दोन ओळींचा एक शेर, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक मिसरा. ओळीच्या शेवटी न बदलता पुन्हा पुन्हा येणारा ‘आला’ हा रदीफ, आणि त्याच्या आधी येणारे वारा, पसारा, इशारा हे यमक जुळणारे शब्द म्हणजे काफिये. पहिल्या शेरात दोन्ही ओळींत काफिया-रदीफ येतात, म्हणून त्याला मतला म्हणतात. पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात. शेवटच्या शेरात शायराने आपले टोपणनाव, म्हणजे तखल्लुस, गुंफले असेल तर तो मक्ता. प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो. त्यामुळे एक शेर डोक्यावरून गेला तरी पुढचा शेर नव्याने ऐकता येतो, आणि नवख्या श्रोत्याला दिलासा देणारी याहून चांगली सोय मला दुसऱ्या कोणत्याही काव्यप्रकारात आढळलेली नाही.

ज्यांना थोडी अधिक तयारी करायची असेल त्यांनी रेख्ता या संकेतस्थळावर एखाददुसरी प्रसिद्ध गझल देवनागरीत वाचून जावी. तिथे शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो. विद्यार्थी जुन्या उस्तादांच्या निवडक, लोकप्रिय गझलाच बहुधा बसवतात, त्यामुळे वाचलेले पुन्हा कानावर पडण्याची शक्यता चांगली असते.

पोहोचल्यावर

दारात स्वागताला उभी असलेली मुले ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणतील किंवा ‘आदाब’ म्हणतील. उत्तरादाखल ‘आदाब’ म्हणावे किंवा मनापासून नमस्कार करावा. दोन्ही तितक्याच आनंदाने स्वीकारले जातात. काही ठिकाणी अत्तराचा फाया किंवा गुलाबपाणी असते. बैठक गाद्यांवर असेल तर पादत्राणे बाहेर काढावीत. काही संस्थांत स्त्रियांसाठी वेगळ्या रांगा किंवा वेगळी बाजू राखलेली असते, म्हणून जोडीने गेलेल्यांनी बसण्याआधी स्वयंसेवकांना विचारावे. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या असतात, पण फार मागेही बसू नये. शेर सांगणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, कारण न कळलेल्या शब्दाचा निम्मा अर्थ चेहऱ्यावरून आणि हाताच्या हालचालीवरून लागतो.

आरंभी कुरआनातील आयतींचे पठण म्हणजे तिलावत होते, मग हम्द आणि नात होतात. हम्द ही ईश्वराची स्तुती आणि नात ही पैगंबरांची. या वेळी शांत बसावे, टाळ्या वाजवू नयेत आणि ये-जा करू नये, एवढे पुरे आहे. शेजारच्यांनी डोक्यावर रुमाल किंवा पदर घेतला म्हणून आपणही घेतलाच पाहिजे असे नाही. कार्यक्रमाच्या मध्ये अजान झाली तर माईक बंद होतो आणि सगळे काही क्षण थांबतात. तो मध्यंतर समजून उठून जाऊ नये.

यानंतर सूत्रे नाजिमाच्या, म्हणजे सूत्रसंचालन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या किंवा विद्यार्थिनीच्या हाती जातात. निजामत हीसुद्धा या कार्यक्रमातली एक स्वतंत्र कला आहे. प्रत्येक कलाकाराला बोलावण्याआधी त्याला साजेसा शेर म्हणायचा, मधली रिकामी वेळ भरून काढायची आणि पाहुण्यांची लांबलेली भाषणे अदबीने आवरती घ्यायला लावायची, हे सगळे नाजिमाला सांभाळावे लागते. मला स्वतःला अनेकदा मुख्य प्रयोगाइतकीच निजामत ऐकाविशी वाटते, आणि नव्या श्रोत्यानेही तिच्याकडे लक्ष द्यावे, कारण पुढे काय येणार आहे हे सोप्या शब्दांत तिथेच सांगितले जाते.

दाद कशी द्यावी

हा या लेखातला मुख्य भाग आहे, आणि वाचकाने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी एवढे ठेवावे अशी माझी विनंती आहे.

समजा, एक मुलगी गझल म्हणायला उभी आहे. चालीवर म्हणणार असेल तर ते तरन्नुम, आणि केवळ लयीत वाचणार असेल तर ते तहत. ती ‘मतला पेश है’ असे म्हणते आणि श्रोत्यांतून ‘इर्शाद’ असा आवाज येतो. इर्शाद म्हणजे ‘सांगा, आम्ही ऐकत आहोत’, आणि हा शब्द आपणही निःसंकोचपणे म्हणावा. ती पहिला मिसरा म्हणते आणि थांबते. या थांबण्यात श्रोत्याचे काम सुरू होते : ओळ आवडली असेल तर मागून कुणीतरी तीच ओळ किंवा तिचा शेवटचा तुकडा पुन्हा म्हणतो. याला मिसरा उचलणे म्हणतात. ओळ उचलली गेली की मुलगी तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणते, या वेळी अधिक सावकाश, आणि सभागृह दुसऱ्या मिसऱ्याची वाट पाहू लागते. मग दुसरा मिसरा येतो. काफियाजवळ येताच ती किंचित थबकते, आणि कान तयार असलेले श्रोते तो काफिया तिच्या बरोबरीने उच्चारतात. रदीफ तर सगळे सभागृहच म्हणते. त्या क्षणी ‘वाह’, ‘क्या कहने’, ‘सुभानल्लाह’ असे उद्गार एकदम उठतात आणि मुलगी उजवा हात किंचित कपाळाकडे नेऊन आदाब करते.

नव्या श्रोत्याने यात तीन टप्प्यांनी उतरावे. पहिल्या काही शेरांना नुसते ऐकावे आणि रदीफ कोणता आहे ते पकडावे. मतल्यात तो दोनदा येतो, त्यामुळे पकडणे कठीण नसते. नंतर रदीफ इतरांबरोबर म्हणायला लागावे. त्यानंतर जो शेर खरोखर भिडेल त्याला ‘वाह’ म्हणावे, आणि तो पुन्हा ऐकावासा वाटला तर ‘मुकर्रर’ म्हणावे. म्हणजे तो पुन्हा म्हटला जातो. अर्थ अर्धवट कळलेला शेर ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा ऐकण्यात काहीच गैर नाही, किंबहुना नवख्या माणसाला या शब्दाचा खरा उपयोग तोच आहे.

दाद दुसऱ्या मिसऱ्यानंतर द्यायची असते. पहिल्या मिसऱ्यावर मोठ्याने टाळ्या वाजल्या तर शेर तिथेच तुटतो आणि पुढची ओळ कुणाला ऐकू येत नाही. टाळ्या गझल संपल्यावर वाजवाव्यात. प्रत्येक शेराला सारखीच ‘वाह वाह’ करणेही टाळावे, कारण आपला कोणता शेर पोहोचला आणि कोणता नाही हे त्या मुलीला श्रोत्यांच्या आवाजावरूनच कळते, आणि पुढच्या वेळी काय निवडायचे हे ती त्यावरून ठरवते. मागच्या रांगांतून शिट्या येतात तेव्हा त्यात सामील होऊ नये. मुली रंगमंचावर असताना तर नाहीच नाही.

बैतबाजी चालू असताना

बैतबाजी म्हणजे शेरांच्या भेंड्या, असे म्हटले की मराठी माणसाला नियम निम्मे कळतात. दोन किंवा अधिक संघ असतात; एका संघाने म्हटलेला शेर ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराने सुरू होणारा शेर पुढच्या संघाने ठरलेल्या वेळात म्हणायचा. शेर पूर्ण आणि वृत्तात असावा लागतो, एकदा म्हटलेला पुन्हा चालत नाही आणि चुकीच्या उच्चाराचे गुण परीक्षक कापतात.

इथपर्यंत सोपे आहे. चुरस समजण्यासाठी मात्र एक गोष्ट ठाऊक असावी लागते : इथे अक्षर कानाने ठरत नाही, लिपीने ठरते. उर्दूत ‘झ’सारखा एकच उच्चार झाल, झे, झाद आणि झोय अशा चार वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिला जातो, ‘स’साठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे आहेत. त्यामुळे चतुर संघ मुद्दाम असा शेर काढतो जो झाद किंवा झोयवर संपतो. या अक्षरांनी सुरू होणारे शब्द थोडे, आणि म्हणून शेरही थोडे. समोरच्या संघातली मुले एकमेकांच्या कानात कुजबुजू लागतात, घंटा वाजायची वेळ जवळ येते आणि मग मागे बसलेली, आतापर्यंत गप्प असलेली एखादी मुलगी उभी राहून नेमका शेर म्हणते. सभागृह अशा वेळी का उसळते ते लिपीची ही बाब माहीत असल्याशिवाय कळत नाही. शेजारच्याला ‘कोणते अक्षर आले?’ एवढे विचारत राहावे. सांगणाऱ्यालाही त्यात आनंद वाटतो.

या मुलांनी शेकडो शेर पाठ केलेले असतात. यांतल्या कितीतरी मुलांची घरची बोली पुस्तकी उर्दूपेक्षा बरीच वेगळी आहे, बाजारात ती मराठी बोलतात, शेतकऱ्यांशी अहिराणीत किंवा लेवा बोलीत व्यवहार करतात, आणि शाळेत बालभारतीच्या उर्दू पुस्तकांसोबत मराठी हा विषयही शिकतात. रंगमंचावरची नितळ उर्दू त्यांनाही कमवावी लागलेली असते. काफ आणि गैन यांचे उच्चार घशातून काढायला शिक्षकांनी महिनोन्‌महिने घोटून घेतलेले असतात. म्हणूनच उच्चाराबद्दलची शाबासकी या मुलांना सर्वांत गोड लागते.

तमसीली मुशायरा

पत्रिकेत ‘तमसीली मुशायरा’ असे शब्द दिसले तर तो कार्यक्रम चुकवू नये. यात विद्यार्थी जुन्या शायरांच्या वेशात येतात आणि त्यांच्याच गझला त्यांच्या ढंगाने सादर करतात. प्रसंग बहुधा दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशाह जफर याच्या दरबारातला असतो. जफर स्वतः शायर होता. जौक हे त्याचे उस्ताद होते, आणि १८५४ मध्ये जौक वारल्यानंतर ती जागा गालिब यांच्याकडे आली. जौक आणि गालिब यांच्यातली चढाओढ ठाऊक असेल तर नाटुकल्यातले टोमणे कळतात, म्हणून एवढी माहिती घेऊन बसावे. मोमीन आणि तरुण दाग हेही या दरबारात भेटतात. संहिता लिहिणारे शिक्षक कालखंड थोडा ताणून मीर यांनाही आणून बसवतात. ते १८१० मध्येच निवर्तले होते, पण मीर यांच्याशिवाय मैफल पुरी होत नाही या भावनेपोटी श्रोते हे मान्य करतात. कुठे औरंगाबादचे वली असतात. अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडल्या या शायराने १७०० मध्ये दिल्लीला जाऊन तिथल्या फारसीत रमलेल्या कवींना आपल्या बोलीतल्या गझलेची ताकद दाखवली. त्यामुळे वलीच्या भूमिकेतला मुलगा उठला की खान्देशच्या श्रोत्याने थोडी जास्त दाद द्यावी, असे मला वाटते.

रंगमंचावर पांढऱ्या चादरी, लोड, मधोमध शमा, म्हणजे मेणबत्ती. ज्याची पाळी असेल त्याच्यासमोर शमा नेऊन ठेवली जाते, आणि तिथपर्यंत पोहोचवणारा चोपदार बहुधा सर्वांत लहान वर्गातला मुलगा असतो. त्याच्याकडे जरूर पाहावे. हातात बॅटरीवर लागणारी मेणबत्ती, अंगात मापाहून मोठी अचकन, तिचे टोक पायात येऊ नये म्हणून डाव्या हाताने धरलेले, आणि तरीही तो पाठ न वळवता, प्रत्येक उस्तादापुढे वाकून, ठरवून दिलेल्या जागी शमा ठेवून मागे सरतो. शमा नवोदितांकडून ज्येष्ठांकडे सरकत जाते, त्यामुळे ती जितकी उशिरा पोहोचेल तितका तो शायर मोठा, हे ध्यानात ठेवले की नाव न कळताही कोण कोणत्या मानाचा ते समजते.

दाढीचा कापूस सुटतो, टोपी डोळ्यांवर येते. त्यावर हसू येणे स्वाभाविक आहे. मात्र मुलाचे लक्ष विचलित होईल इतके मोठ्याने हसू नये.

इतर प्रयोग

नाटुकली समजायला सर्वांत सोपी असतात, कारण त्यांचे विषय हुंडा, मुलींचे शिक्षण, मोबाईलचे वेड, स्वातंत्र्यलढ्यातला एखादा प्रसंग असे घरोघरचे असतात आणि संवाद बोलीभाषेतले असतात. कव्वालीत टाळीचा ठेका श्रोत्यांनी धरला तरी चालतो. नोटा उधळू नयेत, बक्षीस द्यायचे असल्यास पाकीट शिक्षकांकडे द्यावे. दास्तानगोईत एक किंवा दोन विद्यार्थी पांढरा पोशाख घालून तख्तावर बसतात आणि कोणत्याही नेपथ्याशिवाय लांबलचक कथा सांगतात. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारल्यावर ही कला जवळजवळ लुप्त झाली होती आणि २००५ पासून तिचे पुनरुज्जीवन झाले. भाषेच्या दृष्टीने ती अवघड आहे, तेव्हा कथेचा सारांश आधी विचारून घ्यावा.

बाहेरच्या वर्गखोलीत बहुधा नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, मांडलेले असते, आणि मध्यंतरात चहा-समोशाच्या गर्दीत ते पाहायचे राहून जाते. तिथे खुशखतीचे, म्हणजे सुलेखनाचे, नमुने असतील तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला एक अक्षर समोर काढून दाखवायला सांगावे. तो तिरके कापलेले कलम शाईत बुडवून आधी कागदावर चौकोनी ठिपके देतो, कारण अक्षराचे माप या ठिपक्यांनी ठरते. नस्तालिक या उर्दूच्या नेहमीच्या वळणात अलिफाची, म्हणजे पहिल्या अक्षराची, उंची साधारण तीन ठिपक्यांएवढी. मग एका श्वासात वरून खाली रेघ ओढतो. आपले नाव लिहून मागितले तर मुले आनंदाने लिहून देतात.

प्रदर्शनात खान्देशच्या इतिहासाचा फलक असेल तर त्यावर बुऱ्हाणपूर शोधावे. आज मध्य प्रदेशात असलेले हे शहर फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी होते. १६०१ मध्ये असिरगड अकबराच्या हाती जाईपर्यंत त्यांची सत्ता टिकली. तिथल्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. आपल्या भागात या भाषा किती जुन्या काळापासून शेजारी नांदल्या आहेत हे मुलांशी बोलायला तो फलक उत्तम निमित्त ठरतो.

ओळ विसरली तर

हौशी कार्यक्रमात हे घडणारच. मुलगा दुसऱ्या शेरावर अडतो, छताकडे पाहतो, विंगेतून शिक्षक कुजबुजतात आणि सभागृहात अवघड शांतता पसरते. अशा वेळी जाणता श्रोता मोठ्याने, शांतपणे ‘इर्शाद, बेटा, इर्शाद’ म्हणतो, किंवा आधीच्याच शेराला ‘मुकर्रर’ म्हणून तो पुन्हा म्हणायला लावतो. जुना शेर पुन्हा म्हणता म्हणता पुढची ओळ बहुतेकदा आपोआप आठवते, आणि मुलाची लाजही झाकली जाते. हे करायला उर्दू यावी लागत नाही. आपण पाहुणे आहोत म्हणून गप्प राहावे असेही नाही. उलट समोरच्या अनोळखी पाहुण्याने सांभाळून घेतलेले मुलाच्या अधिक लक्षात राहते. चुकीचा शब्द मात्र प्रेक्षकांतून सुधारून देऊ नये, ते काम परीक्षकांचे आणि शिक्षकांचे आहे.

चित्रीकरण आणि निरोप

मोबाईल मूक ठेवावा. छायाचित्रे काढण्याआधी आयोजकांना विचारावे, आणि विद्यार्थिनींची चित्रफीत तर परवानगीशिवाय काढू किंवा पुढे पाठवू नये. या बाबतीत घरच्यांच्या भावना वेगवेगळ्या असतात, आणि एखाद्या चित्रफितीमुळे मुलीला पुढच्या वर्षी रंगमंचावर येऊ दिले गेले नाही तर तो तिच्यावर अन्याय होईल. हौसेने मोबाईल उंच धरून बसल्यास मागच्यांना दिसत नाही, ही साधी अडचण आहेच.

शेवटी अध्यक्षांचे भाषण, बक्षिसे, आभार आणि राष्ट्रगीत असा क्रम असतो. भाषणे लांबतात, तरीही राष्ट्रगीतापर्यंत थांबावे, कारण त्यानंतरच मुले प्रेक्षकांत उतरतात. त्यांना भेटताना ‘छान झाले’ यावर थांबू नये. ‘तुझा तिसरा शेर मला फार आवडला’, ‘झादवर तुम्ही काढलेला शेर मला लिहून द्याल का?’ असे नेमके बोलावे. मराठीत बोलले तरी त्यांना पुरते कळते. शेर देवनागरीत लिहून घेण्यासाठी खिशात छोटी वही ठेवावी. लिहून देणारा विद्यार्थी अर्थही समजावतो, आणि त्या पाच मिनिटांत जेवढी उर्दू कळते तेवढी पुस्तकातून कळायला पुष्कळ वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांना चार ओळींचे पत्र मराठीतच लिहावे आणि त्यात निजामत करणाऱ्या मुलीचा, शमा नेणाऱ्या मुलाचा किंवा पडद्यामागे कपडे सांभाळणाऱ्यांचा उल्लेख करावा, कारण बक्षिसांच्या यादीत ही नावे बहुधा नसतात. आपल्या शाळेत किंवा वाचनालयात कविसंमेलन होणार असेल तर त्याचे निमंत्रणही त्याच पत्रासोबत पाठवावे, आणि बैतबाजीच्या संघाला तिथे पंधरा-वीस मिनिटे राखून ठेवल्याचे त्यात स्पष्ट लिहावे, म्हणजे शिक्षकांना मुलांची तयारी वेळेत सुरू करता येईल.